आम्हाला झोपड्यांचीच वाट हवी

उंच डोंगरावर पायी जायच्या वाटा दोन तऱ्हेच्या असतात. एका वाटेवर मुक्कामाला काहीच नसतं. तंबू, स्टोव्ह, भांडी, शिधा सगळं खेचरांवर आणि हमालांच्या पाठीवर लादून न्यायचं, संध्याकाळी मोकळ्या जागी तंबू ठोकायचा आणि सकाळी गुंडाळायचा. दुसऱ्या वाटेवर दर मुक्कामाला झोपडी असते. कुठे लाकडी, कुठे दगडी, वर बहुधा पत्रा. आत खाट, रजई, चूल आणि शिजवून वाढणारं माणूस. पाठीवर आपले कपडे, पाणी आणि औषधं घेतली की झालं. गिर्यारोहणाच्या जगात पहिली वाट खरी समजतात आणि दुसरी हौशी पर्यटकांची.

आफ्रिकेतल्या किलिमांजारो या ५,८९५ मीटर उंचीच्या डोंगरावर मुक्कामाच्या झोपड्या असलेली एकच वाट आहे, मरांगू. तिला टोपणनाव पडलं 'कोका-कोला वाट'. तंबूंच्या माचामे वाटेला म्हणतात 'व्हिस्की वाट'. या दोन नावांत सगळा दृष्टिकोन आला. थंड पेय बायकापोरांचं, दारू मर्दांची! ज्या वाटेवर रात्री पाठ टेकायला खाट आहे ती वाट हलकी, असं कोणी ठरवलं? आणि ते आपण का मानायचं?

मैत्रिणींनो, हा विषय या अंकात कशाला, असं काहींना वाटेल. चंद्रपूर-गडचिरोलीत काम करताना गेली काही वर्षं मला दिसतं आहे की बचत गटांतल्या बाया, आश्रमशाळेतून बाहेर पडलेल्या मुली, अंगणवाडी सेविका बर्फाचा डोंगर एकदा डोळ्यांनी पाहायचा आहे असं उघडपणे बोलू लागल्या आहेत. पंढरपूर, शेगाव झालं, आता हिमालय. इच्छा बोलून दाखवली की लगेच सल्ला देणारे पुढे येतात. झोपड्यांच्या वाटेने गेलात तर त्यात काय मोठंसं, तंबूतून जा, नाहीतर एखादी मुलगी निवडून तिला शिखरावर पाठवा. सल्ला देणारे बहुतेक पुरुष असतात, हे वेगळं सांगायला नको. खेद याचा की आपल्या चळवळीतल्या काही जणीही हेच बोलतात. म्हणून हा लेख.

बाई चालतेच आहे

पहिला आक्षेप आपल्याच घरचा. पाण्याचे, रेशनचे, दारूचे प्रश्न पडले असताना डोंगर चढणं ही शहरी मध्यमवर्गाची चैन आहे, ती आदिवासी-दलित बाईच्या गळ्यात का मारता?

आमच्या जिल्ह्यांतली बाई किती चालते ते आधी पाहू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला. मे महिन्यात तेंदूपानं तोडायला, मग उन्हं चढल्यावर डोक्यावर ओझं घेऊन परत आणि घरी बसून पुडे बांधायला. बाराही महिने सरपणाची मोळी आणि पाणी. हे चालणं जीवावर बेतणारं आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्यात पायी फिरून वाघांच्या खुणांची नोंद घेणाऱ्या स्वाती ढुमणे या वनरक्षक महिलेला वाघिणीने मारलं. तेव्हा आमच्या बाईला चढायला शिकवा, तिची दमछाक होईल, ही काळजी कोणी करू नये.

तिने आयुष्यात केली नाही ती गोष्ट वेगळीच आहे. डोक्यावर ओझं नसताना चालणं. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर चूल न पेटवणं. दुसऱ्याने वाढलेलं गरम ताट समोर येणं. तंबूच्या वाटेवर हे घडत नाही. तिथे स्वयंपाकी आणि हमाल घेण्याइतके पैसे नसले की गटातल्या बायांनाच ओझी वाहावी लागतात, पाणी आणावं लागतं, भात शिजवावा लागतो. म्हणजे घरची चाकरी तीन हजार मीटरवर नेऊन ठेवली, एवढंच. विश्रांती हा हक्क आहे असं आपण आठ मार्चला भाषणात म्हणतो. मग तो मागायला बाई निघाली की ती चैन कशी होते?

एका मुलीचं शिखर

दुसरा सल्ला सरकारी थाटाचा. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' या मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे विद्यार्थी एव्हरेस्टवर गेले. निवडलेल्या दहांपैकी पाच जण माथ्यावर पोचले आणि त्यांत मुलगी एक, मनीषा धुर्वे. त्याआधी २०१४ च्या २५ मे रोजी तेलंगणातली मालावत पूर्णा वयाच्या चौदाव्या वर्षात ते शिखर चढून आली होती. या मुलींबद्दल मनात आदरच आहे. आश्रमशाळेतली पोरगी काही करू शकत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं त्यांनी बंद केली.

पण एका मुलीच्या पराक्रमाने बाकीच्यांना काय मिळालं, हा प्रश्न विचारायला हवा. एव्हरेस्टच्या मोहिमेला माणशी लाखो रुपये लागतात. नेपाळच्या बाजूने वसंत ऋतूत चढायचं तर सप्टेंबर २०२५ पासून परदेशी माणसाला नुसत्या परवान्याचे पंधरा हजार डॉलर मोजावे लागतात. एवढा पैसा कोणतंही सरकार शेकडो मुलींवर खर्च करणार नाही. ते मोजक्या निवडणार, फोटो काढणार, सत्कार करणार. त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या वाट्याला टाळ्या वाजवणं आलं. तिची उंची कमी भरली, वजन कमी भरलं, रक्त कमी भरलं म्हणून ती चाळणीतून गळली. ज्या व्यवस्थेने तिचं रक्त कमी ठेवलं, तीच व्यवस्था तिला नापास करते.

बचेंद्री पाल १९८४ च्या २३ मे रोजी एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. त्या शिखरावर थांबल्या नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी भारत-नेपाळच्या महिलांची एव्हरेस्ट मोहीम नेली आणि २०२२ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना घेऊन अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालय पालथा घातला. चाळिशी-पन्नाशीच्या, बाळंतपणं झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईलाही डोंगर असतो, हे यातून शिकायचं. आणि अशा बाईसाठी, एकीसाठी नव्हे तर वीस-पंचवीस जणींसाठी, परवडणारी वाट झोपड्यांचीच.

झोपडी म्हटलं की अंगावर काटा का येतो

गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत झोपडी शब्द काढला की बायांच्या डोळ्यांपुढे कुर्मा घर येतं. पाळीचे चार-पाच दिवस गावाच्या कडेला, रानाला लागून असलेल्या खोपटात काढायचे. घरात पाऊल टाकायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. पावसात गळणारं छप्पर, धड दार नाही, दिवा नाही, संडास नाही. सर्पदंशाने, आजाराने या खोपटांत बाया दगावल्या आहेत. २०१५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हा बायकांच्या मानवी हक्कांचा गंभीर भंग असल्याचं नमूद केलं. प्रथा संपलेली नाही. मग दर महिन्याला झोपडीत ढकलली जाणारी बाई पैसे भरून पुन्हा झोपडीतच राहायला कशाला जाईल, असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर नेपाळात सापडतं. पश्चिम नेपाळात पाळीच्या बाईला गोठेवजा खोपटात ठेवायची 'छाउपडी' प्रथा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिच्यावर बंदी घातली. २०१७ मध्ये कायदा करून बाईला तसं राहायला लावणं गुन्हा ठरवलं. तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड. आणि त्याच देशात अन्नपूर्णेच्या पायथ्याशी, ४,१३० मीटरपर्यंत, वाटेवर जागोजागी राहण्या-जेवणाच्या खोल्या आहेत. तिथे जगभरच्या बाया येतात, पाळी असो वा नसो. एकाच देशात तशीच लाकडं, तसाच पत्रा. एका खोपटात बाईला कोंडतात, दुसऱ्यात तिचं स्वागत होतं.

पोखऱ्याच्या लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणींनी १९९४ मध्ये बायकांना डोंगरावर नेणारी बायकांचीच संस्था काढली आणि गावातल्या मुलींना वाटाड्याचं काम शिकवलं. परक्या पुरुष वाटाड्यांकडून होणारा त्रास बायांकडून ऐकला होता, त्यातून हे काम उभं राहिलं.

तेव्हा भांडण छपराशी नाही. बाईने तिथे जायचं की नाही हे कोण ठरवतं, याच्याशी आहे. आमच्याकडे आता कुर्मा घरांच्या जागी पक्क्या खोल्या बांधून पलंग, दिवा, संडास दिले जात आहेत. साप चावून मरण्यापेक्षा ते बरं, हे मान्य. पण त्यावर समाधान मानणाऱ्यांना एकच विचारते. त्या पक्क्या खोलीत जायला बाई नाही म्हणू शकते का? ज्या बाईने एकदा पाळी आलेली असताना सगळ्यांबरोबर एका खोलीत, एका पंगतीत बसून जेवण केलं, डोंगर चढला आणि काही कोप झाला नाही हे स्वतः पाहिलं, ती घरी परतल्यावर वेगळी बोलेल. दहा शिबिरांतल्या व्याख्यानांनी होत नाही ते अशा चार मुक्कामांनी होऊ शकतं.

आपल्या शरीराचा हिशेब

आता कामाचं बोलू. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्या अभ्यासाने दाखवलं की ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्या अंगावर काढत होत्या. अशा दुखण्यांची सवय झालेल्या बाईला उघड्यावर, थंडीत, आडोसा शोधत बसायला लावणारी वाट कोणत्या तोंडाने 'खरी' म्हणायची? संडास, गरम पाणी आणि कापड बदलायला आडोसा या गोष्टींना पर्यटकांचे लाड म्हणणाऱ्याला पाळी येत नाही, एवढंच सिद्ध होतं.

दुसरी गोष्ट सिकलसेल. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत आदिवासींत, दलितांत आणि इतर मागास समाजांतही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. उंचीवर हवेतला प्राणवायू विरळ होतो आणि सिकलसेलच्या रक्तपेशी अशा वेळी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्यांना हा आजार आहे त्यांनी उंच डोंगरावर जाऊ नये. ज्या नुसत्या वाहक आहेत, एरवी ठणठणीत असतात, त्यांच्याही प्लीहेला उंचीवर इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून निघण्याआधी प्रत्येकीची सिकलसेलची आणि हिमोग्लोबिनची तपासणी झालीच पाहिजे. वाहक असेल तिने डॉक्टरला विचारूनच जावं, पाणी भरपूर प्यावं, ऊब राखावी आणि डाव्या बरगडीखाली दुखू लागलं की लगेच खाली उतरावं. पुण्या-मुंबईच्या पुस्तिकेत हे सहसा सापडणार नाही, कारण ती आपल्या रक्ताचा विचार करून लिहिलेली नसते.

इथे झोपडीचा मोठा उपयोग आहे. तंबूच्या वाटेवर एक बाई आजारी पडली की सगळा तळ हलवावा लागतो, नाहीतर तिला ओढत पुढे न्यावं लागतं. आणि आपल्या बाया दुसऱ्यांचा खोळंबा नको म्हणून दुखणं सांगतच नाहीत! झोपडीच्या वाटेवर ती एका मैत्रिणीसोबत तिथेच थांबू शकते, बाकीच्या परतताना त्या दोघींना घेऊन उतरू शकतात. जिला उंचीचा त्रास वाढतो आहे तिला मात्र थांबवायचं नाही, खालीच न्यायचं.

कोणती वाट

झोपडी आहे म्हणजे धोका नाही, असा गैरसमज करून घेऊ नका. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. झोपड्या मात्र बांधणाऱ्याच्या सोयीने असतात. मरांगू वाटेवरच्या मंदारा, होरोंबो आणि किबो या तीन झोपड्या अंदाजे २,७००, ३,७०० आणि ४,७०० मीटरवर आहेत. दर मुक्कामाला हजार मीटरची उडी! म्हणून शहाणी माणसं तिथे होरोंबोला एक रात्र जास्त काढतात. जे पाच दिवसांत आटपायला जातात त्यांतले बरेच माथ्याआधीच परततात. झोपड्यांची वाट निवडताना छपराबरोबर दोन छपरांमधली उंचीही पाहायची.

या कसोटीवर आपल्या गटांसाठी मी सांदाकफू सुचवते. दार्जिलिंग जिल्ह्यातल्या सिंगालीला रांगेतला हा ३,६३६ मीटरचा डोंगर पश्चिम बंगालमधला सर्वांत उंच. मानेभंज्यांगहून निघायचं, पहिला मुक्काम टोंगलू-टुमलिंगच्या आसपास तीन हजाराच्या आतबाहेर, मग गैरीबासवरून कालीपोखरी, मग सांदाकफू. प्रत्येक ठिकाणी ट्रेकर्स हट किंवा गावकऱ्यांची राहायची सोय आहे. शेवटची चढण सोडली तर उंची सावकाश वाढते. वरून कांचनजंगा समोर आणि दूरवर एव्हरेस्ट दिसतं. माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. त्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ. पण आपली एखादी बाई आजारी पडली तर तिला लवकर खाली आणायला हाच रस्ता कामी येतो. त्याच रस्त्याने एका दिवसात गाडीतून थेट वर जाण्याचा मोह मात्र करू नका. पायी हळूहळू जाणारीचं शरीर सरावतं, गाडीतून जाणारीला ती संधी मिळत नाही. वाटाड्या घ्यावाच लागतो, सीमेवरच्या चौक्यांवर ओळखपत्र दाखवावं लागतं. पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, राष्ट्रीय उद्यान बंद असतं. तेंदूचा हंगाम आणि धानाची कापणी सांभाळून आपल्याला एप्रिलचा पहिला पंधरवडा किंवा कापणीआधीचा ऑक्टोबर बघता येईल. नागपूरहून हावडा आणि पुढे न्यू जलपाईगुडी असा रेल्वेचा प्रवास.

आणखी एक सांगायला हवं. त्या झोपड्यांत चुलीपाशी बहुतेक बायाच असतात. आपली विश्रांती त्यांच्या कष्टावर उभी आहे, हे विसरून चालणार नाही. घासाघीस करायची नाही, आपला कचरा आपण खाली आणायचा, आणि रात्री त्यांच्या चुलीपाशी बसून त्यांना काय मजुरी मिळते, जमीन कोणाच्या नावावर आहे, हे विचारायचं.

आपल्या मागण्या

आदिवासी विकास विभागाने एव्हरेस्टवर मोजक्या मुली पाठवण्याऐवजी दरवर्षी प्रत्येक आश्रमशाळेतल्या वरच्या वर्गांतल्या सर्व इच्छुक मुलींना, शिक्षिकेसोबत, झोपड्यांच्या वाटेने एका डोंगरावर न्यावं. निवड शर्यतीने नको. सिकलसेल आणि रक्ताची तपासणी आधी करावी, आणि जी बसत नाही तिला औषधोपचार व कमी उंचीची दुसरी वाट द्यावी, नापासाचा शिक्का देऊ नये. आमच्या मुलींना वाटाड्याचं प्रशिक्षण द्यावं, म्हणजे पुढच्या गटांना परक्या पुरुषांवर अवलंबून राहावं लागणार नाही. अंगणवाडी सेविका आणि आशांना यासाठी पगारी रजा मिळावी.

आणि मागणी आपल्या संघटनांकडेही आहे. वाट बैठकीत बायांनी स्वतः नकाशा समोर ठेवून ठरवावी. कुणाच्या भावाने किंवा सरांनी ठरवून दिलेली नको. गटाची प्रमुख बाईच असावी. जमणार नाही असं वाटलं त्या झोपडीतून परत फिरायचा हक्क प्रत्येकीला असावा आणि परतलेलीचाही सत्कार व्हावा. शिखरावर किती पोचल्या हा आकडा अहवालात लिहूच नका. किती निघाल्या आणि किती सुखरूप घरी आल्या, ते लिहा.

कोका-कोला म्हणायचं तर म्हणू देत. आमच्या बाया कपभर गरम चहा घेतील, रजई ओढतील आणि सकाळी वर चढतील.